तुकडा तपासायला घाबरू नको, पण रिपोर्ट येईपर्यंत पिशवी काढायला हो म्हणू नको

पत्र असं आलंय:

"मावशी, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, वय ४१, दोन मुलं आहेत, मुलं बंद करायचं ऑपरेशन झालंय. गेल्या महिन्यात गावात आरोग्य शिबिर होतं, आशा ताई फारच मागं लागल्या म्हणून गेले. तिथं पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघितलं आणि पांढरा डाग दिसतोय म्हणाले. आता मिरजेला जाऊन दुर्बिणीतून बघून तुकडा काढायला सांगितलंय. तेव्हापासून झोप नाही. सासूबाई म्हणतात तुकडा काढला की आजार अंगभर पसरतो, त्यांच्या बहिणीचं तसंच झालं. नणंदेच्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले तपासत कशाला बसता, पिशवीच काढून टाकू, चाळिशी झाली, आता तिचा उपयोग काय. मिस्टर काहीच बोलत नाहीत. द्राक्षं काढायला आलीत, घरात माणूस कमी. तुकडा काढताना किती दुखतं, भूल देतात का, ॲडमिट व्हावं लागतं का? आणि विचारायला लाज वाटते, पण हा आजार नवऱ्यामुळं होतो असं मोबाईलवर वाचलं, ते खरं का? तुम्ही सिस्टर होतात म्हणून तुम्हाला विचारते. ता.क. मुलगी १३ वर्षांची आहे, तिला लस द्यावी का?"

अगं, बाकीचं सगळं नंतर, आधी मला सांग त्या नणंदेच्या डॉक्टरांना तू हो म्हणालीस का? म्हणाली असशील तर आजच फोन करून थांबव, तारीख घेतली असेल तर रद्द कर, कोणी रागावलं तर रागावू दे.

कारण बघ, तुझ्या पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडावर नक्की काय आहे हे आत्ता जगात कोणालाच माहीत नाही, मलाही नाही आणि त्या डॉक्टरांनाही नाही, ते कळण्यासाठीच तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, सांगितलीय. आता तीन शक्यता धर. पहिली म्हणजे काहीच नाही, नुसती सूज आहे, तर मग धडधाकट पिशवी कापून काढली, पोटावर टाके आले, महिना-दोन महिने उचलाउचल बंद, आणि पुष्कळदा पिशवीबरोबर अंडाशयंही काढून टाकतात, मग चाळिशीतच पाळी गेल्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, अंगातनं गरम वाफा, झोप नाही, पुढं हाडं ठिसूळ. दुसरी शक्यता, पेशी बदलायला लागल्यात पण कॅन्सर नाही, तर तेवढीच खराब जागा काढून किंवा जाळून काम होतं, त्याला बहुतेक वेळा ओपीडीतच अर्धा तास पुरतो. आणि तिसरी, जिची तुला भीती वाटते ती, खरंच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तर तेव्हा साधं पिशवीचं ऑपरेशन हे बहुतेक वेळा चुकीचं ऑपरेशन असतं. कॅन्सर असेल तर किती पसरलाय ते आधी बघून बहुतेक वेळा पिशवीच्या आजूबाजूचा भाग आणि गाठी धरून मोठं ऑपरेशन करतात, नाहीतर ऑपरेशन न करता रेडिएशन आणि केमो देतात. न तपासता साधी पिशवी काढली आणि नंतर त्या काढलेल्या पिशवीत कॅन्सर सापडला की पुढचे उपचार फार अवघड होऊन बसतात, बाईला ऑपरेशनही सोसावं लागतं आणि वर रेडिएशनही. म्हणजे तीनपैकी कुठलीही शक्यता घे, रिपोर्टच्या आधी पिशवी काढणं बरोबर ठरत नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगते कारण आपल्याकडं हे फार चालतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, पेपरात रोज येत होतं, सरकारनं चौकशी समिती नेमली. त्यातल्या कितीतरी बायका अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय एवढ्यासाठी दवाखान्यात गेल्या होत्या आणि कॅन्सर होईल म्हणून घाबरवून त्यांना टेबलावर घेतलं. तीस-पस्तिशीच्या बायका गं. तोड करायला त्याच बायका आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना पण येतात, आपल्या फडात राबतात. म्हणून कोणीही, अगदी ओळखीचे असले तरी, "आता तिचा काय उपयोग" म्हणाले की सावध व्हायचं. पिशवी काढावी लागतेच अशी कारणं असतात, नाही असं नाही, पण ती कारणं कागदावर असतात, रिपोर्टमध्ये असतात.

आता शिबिरात तुझं काय झालं ते सांगते. त्या तपासणीला व्हीआयए म्हणतात. सौम्य ॲसिटिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच, ३ ते ५ टक्क्यांचं, कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावतात, एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात बघतात. पेशी बदललेल्या असतील ती जागा पांढरी दिसते. पण साधं इन्फेक्शन असलं, सूज असली, किंवा वयाप्रमाणं आणि बाळंतपणांनंतर तिथली त्वचा बदलत असते तो नेहमीचा बदल असला तरीसुद्धा पांढरं दिसू शकतं. त्यामुळं पॉझिटिव्ह म्हणजे इथं जरा नीट बघायला पाहिजे, एवढंच. पुढं पाठवलेल्या बायकांतल्या बऱ्याच जणींचं शेवटी काही निघत नाही किंवा किरकोळ निघतं.

त्या आशा ताईला मात्र माझा नमस्कार सांग. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी असं ठरलंय, प्रत्यक्षात किती बायका येतात ते मी बघितलंय. आपल्या देशात दरवर्षी साधारण सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो, पाऊण लाखाहून जास्त जातात, आणि हा असा कॅन्सर आहे की ज्याची चाहूल खूप वर्षं आधी लागते. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा मोठा अभ्यास केला, त्यात हीच व्हिनेगरची तपासणी होती, डॉक्टरांनी नाही तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केलेली, आणि ज्या वस्त्यांत ती होत राहिली तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण ते नुसत्या डाग बघण्यानं नाही झालं, डाग दिसल्यावर त्या बायका पुढच्या तपासणीला गेल्या म्हणून झालं. तू आत्ता त्याच पायरीवर उभी आहेस.

बरं, मिरजेला गेल्यावर काय होतं ते आता सविस्तर सांगते, कारण मला माहितीये बाईला आजाराइतकीच त्या टेबलाची भीती असते.

तारीख घेताना पाळीचा हिशेब कर. पाळी चालू असताना नीट दिसत नाही, संपून चार-पाच दिवस झाले की जा. दोन दिवस आधीपासून नवराबायकोचा संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या-मलम चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बंद कर, आणि आतून पाण्यानं धुवायची सवय असेल तर ती आधीही नको आणि एरवीही नको. उपाशी जायची गरज नाही, उलट चार घास खाऊनच जा, रिकाम्या पोटी गेलेल्या बायकांना नंतर चक्कर येते. दुखू नये म्हणून तासभर आधी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात, पण तुला ॲसिडिटी-अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन मनानं घेऊ नको, विचारून घे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, आयोडीनची ॲलर्जी असेल, तर आधी सांगायचं, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला दिवस गेल्याची शंका असेल तर त्यांनीही आधी सांगा.

आत गेल्यावर केसपेपर बघतात, बाळंतपणं किती, शेवटची पाळी कधी, पांढरं जातं का, संबंधानंतर रक्त दिसतं का, असं विचारतात. हे शेवटचं लाजून लपवू नको, डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. एचआयव्हीची तपासणी करायला सांगितली तर तोंड उतरवून बसू नको, ती बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचीच करतात, कारण प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा आजार लवकर वाढतो आणि उपचार तसे ठरवावे लागतात. मग संमतीच्या कागदावर सही घेतात. सही तुझी लागते, तू सज्ञान बाई आहेस, मिस्टर बरोबर नसले म्हणून काही अडत नाही. अडवलंच कोणी तर शांतपणे सांग, माझी तपासणी आहे, मी सही करते.

लघवी करून यायचं, खालचे कपडे काढून टेबलावर झोपायचं, पाय दोन्ही बाजूला वर ठेवायचे. वर चादर देतात, नाही दिली तर माग. साडी किंवा सैल गाऊन असला की सोपं जातं. डॉक्टर पुरुष असले तर खोलीत एक बाई, सिस्टर नाहीतर मावशी, असलीच पाहिजे, आणि दिसली नाही तर "सिस्टरना बोलवा" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर शिकणारी मुलंमुली उभी असतात, तुला नको वाटत असेल तर तसंही सांगता येतं, त्यावरून उपचार कोणी नाकारत नाही. मी इतकी वर्षं त्या टेबलाच्या डोक्याशी उभी राहिले, बायका ओठ चावून गप्प पडून राहतात, आणि जिनं आधीच "डॉक्टर, सांगून सांगून करा" म्हटलं तिला खरंच कमी त्रास झालेला मी बघितलाय. तू पण म्हण.

मग ते स्पेक्युलम, म्हणजे आतली जागा उघडून धरायचं साधन, घालतात, शिबिरात घातलं होतं तेच. गार लागतं, दाब जाणवतो. श्वास धरून ठेवलास की अंग आवळतं आणि जास्त टोचतं, त्यामुळं तोंडानं हळूहळू श्वास सोडायचा आणि कंबर टेबलाला टेकवून ठेवायची. दुर्बीण म्हणालीस ना, तुझं मुलं बंद करायचं ऑपरेशन दुर्बिणीचं झालं असेल तर ते डोक्यातून काढ, हे तसं नाही. कोल्पोस्कोप म्हणजे भिंग आणि उजेड असलेलं यंत्र, ते टेबलासमोर बाहेरच उभं असतं, अंगात जात नाही. त्यातून डॉक्टर पिशवीचं तोंड मोठं करून बघतात, परत ते व्हिनेगरसारखं औषध लावतात, थोडं चुरचुरतं, मग तपकिरी आयोडीन लावतात, चांगली त्वचा आयोडीन शोषून गडद होते आणि शंकेची जागा पिवळट राहते, म्हणजे तुकडा नेमका कुठला घ्यायचा ते कळतं. काही वेळा या टप्प्यावरच डॉक्टर म्हणतात की काही नाही, बायोप्सीची गरजच नाही, तसं झालं तर घरी.

गरज वाटली तर लांब दांड्याच्या चिमट्यानं तुकडा घेतात, तुकडा केवढा तर तांदळाच्या दाण्याएवढा, दोन-तीन मिलिमीटर, आणि पांढऱ्या जागा दोन-तीन असतील तर तेवढे तुकडे. दुखतं का, तर हो, थोडं दुखतं, खोटं सांगणार नाही. त्या जागेला कापल्याची जाणीव कमी असते म्हणून सहसा भूल देत नाहीत, कधी कधी तिथंच इंजेक्शन देतात. बहुतेक बायकांना एक चिमटा आणि पाळीत येते तशी कळ येते, क्षणभर, प्रत्येक तुकड्याला एकदा. आतल्या नळीतूनही खरवडून घ्यायचं असेल तर त्याची कळ जास्त येते, पण अर्ध्या मिनिटाचं काम. काहींना काहीच कळत नाही, काहींना डोळ्यात पाणी येतं, दोन्ही नेहमीचंच. फार दुखलं तर थांबा म्हणायचं, थांबतात. मग रक्त थांबायला मॉन्सेल नावाचं औषध लावतात, टाके नसतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. एकदम उठू नको, पाच-दहा मिनिटं पडून राहा, मग पाणी पी, बस, आणि मग निघ. ॲडमिट करत नाहीत, त्याच दिवशी एस्टीनं घरी येशील, फक्त बरोबर कोणीतरी असू दे आणि स्वतः गाडी चालवत येऊ नको.

हे सगळं साध्या बायोप्सीचं. भूल देऊन मोठा, शंकूच्या आकाराचा तुकडा काढायचा असेल तर ते ऑपरेशन थिएटरमध्ये होतं, त्याला उपाशी राहावं लागतं. तुला तसं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

घरी आल्यावर दोन-चार दिवस थोडं रक्त, नंतर काळपट तपकिरी कणीदार असं काहीतरी जाईल. ते बघून पुष्कळ बायका घाबरतात की आत काही सडलं की काय, ते मॉन्सेलचं औषध असतं, पडून जातं. पॅड वापर. आठवडाभर संबंध नको, किंवा डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, आत काही घालायचं नाही, विहिरीत-तळ्यात पोहणं नको, आंघोळ नेहमीसारखी. दुसऱ्या दिवशी घरातलं काम करता येतं पण द्राक्षाचे क्रेट उचलणं, वाकून वजन ओढणं निदान दोन-तीन दिवस नको, माल काढायला लोक लावायचे तर तेवढे दिवस धरून लाव, कात्री घेऊन घड उतरवणं निवांत जमलं तर कर. आणि हे लक्षात ठेव, तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय, मोठ्या गाठी पडताहेत, १०० च्या वर ताप आला, घाण वास येणारं पाणी जातंय किंवा ओटीपोट इतकं दुखतंय की गोळीनं थांबत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. असं क्वचित होतं.

आता सासूबाईंचं. त्यांना खोटं पाडू नको, बहीण गमावलेली बाई आहे ती. पण तुकडा काढल्यानं हा कॅन्सर पसरत नाही. मग त्यांना तसं का दिसलं? त्या काळात, आणि आजही, बाई दवाखान्यात कधी जायची, तर रक्त थांबेना, कंबर मोडायला लागली, वास यायला लागला की. तोवर आजार आत पसरलेलाच असायचा. मग तुकडा काढायचे, पंधरा दिवसांनी रिपोर्ट यायचा आणि चार-सहा महिन्यांत बाई जायची. घरच्यांनी बघितलेली शेवटची गोष्ट तुकडा काढणं, त्यामुळं दोष तुकड्याला लागला. सासूबाईंना विचार, बहिणीला किती दिवस त्रास होता आणि घरात सांगितलं कधी? त्या स्वतःच सांगतील. जमलं तर त्यांनाच मिरजेला बरोबर ने. आणि त्यांचं वय ६५ च्या आत असेल तर त्यांची तपासणी कधी झालीय का तेही विचार, पाळी गेली म्हणून धोका गेला असं नसतं, आणि पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसलं तर ते कधीच अंगावर काढायचं नाही.

तू लाजत विचारलंस ते, खरं तर मला वाटतं तुझी झोप त्यानंच उडवलीय. हा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो, त्यातल्या १६ आणि १८ नंबरच्या जाती मिळून साधारण ७० टक्के, आणि तो शरीरसंबंधातूनच येतो, हे खरंय. पण यावरून नवऱ्याचं वागणं ठरवता येत नाही. संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच, लक्षण काही नसतं, आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काही जणींचा जात नाही, अंगात गुपचूप राहतो, आणि पेशी बदलत बदलत कॅन्सरपर्यंत पोचायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे आज दिसलेल्या डागामागचा विषाणू हा तुझ्या लग्नाच्या पहिल्या दिवसांत आलेला असू शकतो, मिस्टरांना लग्नाआधी लागलेला असू शकतो, कुठून कधी आला हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. आणि तुझ्यात तर अजून विषाणू आहे की नाही तेही कोणी तपासलेलं नाही. तेव्हा या डागावरून घरात भांडण उकरू नको, आणि कोणी तुझ्याकडं बोट दाखवलं तर हेच सगळं त्यांनाही सांग. मिस्टर बोलत नाहीत म्हणालीस, मला वाटतं तेही घाबरलेत. पुरुषांना बायकांच्या आजाराबद्दल कोणी कधी सांगितलेलं नसतं, त्यांना हे पत्र वाचायला दे, आणि हंगाम महत्त्वाचा आहे हे मान्य करून एक दिवस माग, एकच दिवस लागतो.

रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत मिळतो, सरकारीत जास्तही लागतो. फोन येईल म्हणून थांबू नको, तारीख विचारून ये आणि त्या तारखेला जा, कारण रिपोर्ट तयार होऊन खिडकीत पडून राहिलेत आणि बाई आलीच नाही असं मी फार बघितलंय. त्यात क्रॉनिक सर्व्हिसायटिस लिहिलं असेल तर ती जुनी सूज, मेटाप्लेसिया लिहिलं असेल तर तो नेहमीचा बदल, दोन्हीला घाबरायचं नाही. सीआयएन १ म्हणजे वरच्या वर थोडा बदल, तो बहुतेक वेळा आपोआप जातो, वर्षभरानं परत तपासतात. सीआयएन २ किंवा ३ म्हणजे बदल खोल गेलाय पण कॅन्सर नाही, यावर उपचार घ्यायचाच, पुढं ढकलायचा नाही. न्यूझीलंडमध्ये काही बायकांचं सीआयएन ३ पूर्वी उपचाराविना तसंच सोडून दिलं होतं, त्यांचा नंतर अभ्यास झाला तेव्हा ३० वर्षांत जवळपास दर तिघींत एकीला कॅन्सर झालेला दिसला. उपचार म्हणजे थर्मल ॲब्लेशन, त्यात ती जागा उष्णतेनं जाळतात, नाहीतर लीप, त्यात जागेवर भूल देऊन विजेच्या बारीक तारेनं तेवढा भाग काढतात. त्यानंतर सांगतील तेव्हा परत तपासणीला जायचंच. कधी रिपोर्टमध्ये नमुना अपुरा असं येतं, तेव्हा परत तुकडा द्यावा लागतो, वैताग येतो पण द्यायचा.

आणि कॅन्सर निघाला तर? हे वगळून पुढं गेले तर तू रात्री तेच शोधत बसशील. तुला काही त्रास नसताना तपासणीत सापडलेला असला तर तो बहुतेक लवकरच्या टप्प्यातला असतो आणि तो बहुतेक वेळा बरा होतो, पूर्ण बरा होतो. तेव्हा एमआरआय-सीटी काढून किती आहे बघतात आणि कॅन्सरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडं पाठवतात. रेडिएशनसाठी पूर्वीसारखं मुंबईला जाऊन महिनोन् महिने राहायला नको, मिरज, कराड, कोल्हापूरला सोय आहे. महात्मा फुले योजनेतून कॅन्सरच्या उपचारांचा खर्च मिळतो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथं रेशन कार्ड आणि आधार घेऊन चौकशी करायची. साधी बायोप्सी त्यात बसते का ते तिथंच विचार. आणि काहीही निघालं तरी रिपोर्टची एक झेरॉक्स घरात ठेव, मोबाईलवर फोटो काढ. तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्ये असतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्या मागून घेता येतात, परत सगळं करावं लागत नाही.

लेकीबद्दल, हो, दे. लस एचपीव्ही लागायच्या आधी दिली की सगळ्यात चांगली लागू पडते, म्हणून ९ ते १४ हे वय धरलंय आणि तुझी बरोबर त्यात बसते. या वयात दोन डोस देतात, पंधरा पूर्ण झाल्यावर तीन, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एक डोसही चालतो असं सांगितलंय. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, बाहेरच्या कंपन्यांच्याही आहेत, सरकारी केंद्रात कुणाला आणि कधी मिळते ते आशा ताईलाच विचार. पाळी सुरू झाली असली तरी चालते, मूल होण्यावर परिणाम होतो ही अफवा आहे. दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसवून ठेव, काही मुलींना इंजेक्शननंच चक्कर येते. आणि तारखा तिच्या वहीत लिहून ठेव, कारण लस घेतली तरी तिलाही तिशीनंतर तपासणी करायची आहेच.